सरांचं कसं खोडायचं?

“...आणि सव्विसावा क्रमांक, छाया.”

जयमाला मॅडमनी कागदाची घडी घातली. विज्ञान प्रदर्शनाचा निकाल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचा, ही त्यांची पद्धत. म्हणजे कोणाला वाटायला नको की आपलं मॉडेल कोणी पाहिलंच नाही. शेवटच्या नंबरालाही टाळ्या पडल्या, उलट जरा जास्तच पडल्या. छाया माझ्या पुढच्या रांगेत उभी होती. दोन वेण्यांच्या मधली तिची मान तेवढी मला दिसत होती. ती खाली गेली नाही, पण हललीही नाही.

“आणि हा सगळा निकाल,” मॅडम पुन्हा माईकपाशी आल्या, “नववीच्या पुष्पांजलीने स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामवर लावलेला आहे. आपल्या वडनेर भोलजीच्या मुलीने! तिच्यासाठी टाळ्या!”

ती पुष्पांजली म्हणजे मी. खोटं कशाला सांगू, मला वाटलं मी आता जमिनीपासून वीतभर वर उचलली जाणार. एक तर माझं मॉडेल, म्हणजे पाण्याची टाकी भरली की बोंब मारणारं यंत्र, पाचवं आलं होतं. पहिली पाच मॉडेलं नांदुऱ्याला तालुक्याच्या प्रदर्शनात जाणार होती. वरून माईकवर नाव! आणखी काय पाहिजे माणसाला?

रांग सुटल्यावर छाया मागे वळली.

“काय वं, तुह्या मशिनीले माह्यं पाखरू आवडलं नाई वाटते.”

“मशीन नाई वं, प्रोग्राम हाये तो. त्याले आवडनिवड नसते.”

“मंग परीक्षकाइले नसन आवडलं,” असं म्हणून ती पाणी प्यायला निघून गेली.

पण इथेच माझ्या डोक्यातला किडा वळवळला. परीक्षकांना आवडलं होतं! छायाने सायकलचं जुनं चाक, पत्र्याची पाती आणि रिकामा डबा यांचं ‘पाखरू’ नावाचं यंत्र केलं होतं. वारा आला की पाती फिरतात, चाक फिरतं, डबा वाजतो आणि ज्वारीवरची पाखरं उडतात. वारा पडला तर? तर चाकाला बांधलेलं वजन हळूहळू खाली येतं आणि तेवढा वेळ डबा वाजत राहतो. नांदुऱ्याहून आलेल्या परीक्षकांनी ते तिच्याकडून पुन्हा पुन्हा चालवून घेतलं. एकाने तर फोटो काढला. माणूस सव्विसाव्या नंबराचा फोटो कशाला काढेल?

छोट्या सुट्टीत मी मॅडमकडून परीक्षकांचे कागद मागून घेतले. मॉडेलवर नावं नव्हती, नुसते टेबलाचे नंबर होते. मॅडमनी आदल्या दिवशी एकेक नंबर आणि त्याचे गुण मला वाचून दाखवले होते आणि मी ते भराभर टाइप केले होते. कोणता नंबर कोणाचा, हे नंतर प्रोग्रामनेच जोडलं. छायाचं टेबल तेरा. मी तेराच्या ओळीवर बोट ठेवलं.

एकशे चार.

पहिल्या आलेल्या मॉडेलला अठ्ठ्याण्णव होते.

मी पळतच शाळेच्या कॉम्प्युटर खोलीत गेले. प्रोग्रामला नुसते तीन आकडे दिले, नऊ, पंच्याऐंशी आणि एकशे चार, आणि म्हटलं, मोठ्यापासून लाव. त्याने लावले. नऊ पहिला. पंच्याऐंशी दुसरा. एकशे चार शेवटी!

घाबरायच्या आधी मला मजाच वाटली. हे असं का करतंय? मी आकडे बदलून बदलून पाहिले. वीस आणि तीनशे दिले, तर तीनशे मोठा. वीस आणि शंभर दिले, तर वीस मोठा. मग डोक्यात लख्ख पडलं. हजेरीपटात नावं लावताना आपण काय करतो? आधी पहिलं अक्षर पाहतो. तिथेच लहानमोठं ठरलं तर पुढे बघतच नाही. माझा प्रोग्राम आकड्यांना आकडे समजतच नव्हता, तो त्यांना नावं समजत होता. एकशे चारचं पहिलं अक्षर एक. अठ्ठ्याण्णवचं पहिलं अक्षर नऊ. नऊ मोठा, विषय संपला. आधी हाच प्रोग्राम मी वर्गाच्या परीक्षेला वापरला होता, तिथे गुण शंभरातलेच, शंभराला कोणी पोचलंच नाही. यंदा तीन परीक्षक मिळून गुण एकशेवीस झाले आणि एकटी छाया शंभराच्या वर गेली. म्हणून एकटी तीच तळाला पडली.

प्रोग्राम कुठेच अडला नव्हता. छाया अडली होती.

आणि प्रोग्रामात आकड्यांना नावं समजणारी ती ओळ माझी नव्हती. म्हणजे टाइप मी केली होती, पण ती होती ‘विचारपूस’वरच्या पहिल्या पानावरची. शेषराव सरांच्या पानावरची.

आता सरांबद्दल सांगायला पाहिजे.

आमच्या गावात पाण्याच्या टाकीसमोर एक पत्र्याचा बोर्ड आहे, ‘शेषराव टायपिंग इन्स्टिट्यूट’. त्याच्या शेवटी ‘व कॉम्प्युटर’ हे शब्द वेगळ्या रंगात, दाटीवाटीने बसवलेले आहेत, कारण ते नंतर आले. आसपासच्या कचेऱ्यांमध्ये जो कोणी टाइप करताना दिसेल, तो बहुतेक सरांच्या हातून गेलेला असतो. जयमाला मॅडमसुद्धा. सर खिडकीकडे तोंड करून बसतात, पाठीमागे पोरं टाइप करत असतात आणि सर नुसत्या आवाजावरून ओळखतात की कोण बसलंय आणि त्याचं कोणतं बोट चुकतंय. मला गेली दोन वर्षं ते एकच शब्द सांगतात. “करंगळी!” कारण माझी करंगळी हवेत असते आणि तिचं काम मी दुसऱ्याच बोटाकडून करून घेते.

कॉम्प्युटर मात्र सरांना कोणी शिकवला नाही. वर्गात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्यांनी एका जाड पुस्तकातून बघून बघून एक प्रोग्राम लिहिला आणि तो अडला. विचारणार कोणाला? कोणीतरी सांगितलं, अकोल्यात एका दुकानात एक जाणकार माणूस बसतो. सर एसटीने अकोल्याला गेले. तो माणूस लग्नाला गेलेला. सर दिवसभर दुकानापुढच्या पायरीवर बसले आणि संध्याकाळच्या गाडीने परत आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. ही गोष्ट ते प्रत्येक नव्या बॅचला सांगतात आणि शेवटी म्हणतात, “येका प्रश्नासाठी बाप्पा! म्हनून मी म्हनतो, जे मले भोगा लागलं ते तुम्हाले नोको.”

‘विचारपूस’ त्यातूनच निघाली. सरांची जुनी विद्यार्थिनी डिंपलताई पुण्याच्या एका कंपनीत प्रोग्राम लिहिते, तिने ती साइट उभी करून दिली. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी आपल्या भाषेत प्रश्न टाकायचा, ज्याला येतं त्याने उत्तर लिहायचं आणि चांगल्या उत्तराचं पान करून ठेवायचं, म्हणजे पुढच्याला पुन्हा विचारायला नको. पानावर ‘बदल करा’ असं बटण असतं, कोणीही दुरुस्ती करू शकतं. इंग्रजीत अशा साइट आहेत म्हणे ढीगभर, मीही एकीवर गेले होते. प्रश्न टाकला, तर आधी एकाने सांगितलं की हा प्रश्न पूर्वीच विचारलेला आहे आणि मग दुसऱ्याने येऊन त्याला कुलूपच लावलं. सरांनी आमच्याकडे नियम केला, प्रश्नाला कुलूप नाही आणि ‘एवढंही येत नाही का’ असं कोणी लिहायचं नाही. आता तिथे मोताळ्याचे, संग्रामपूरचे, पार नागपूर-पुण्याला गेलेले सगळे येतात. आणि नवीन माणूस सगळ्यात आधी जे पान वाचतो ते सरांनी स्वतः लिहिलेलं, ‘माहिती कशी घ्यायची’. त्यातली मुख्य ओळ अशी: ‘नाव असो की आकडा, सगळं अक्षर म्हणूनच घ्या. प्रोग्राम कुठेही अडत नाही.’

मी दुपारी घरी जेवायला गेले, तेव्हा आईच्या फोनवरून डिंपलताईला फोन लावला. सगळं सांगितलं. मला वाटलं ती दचकेल.

“हाव, माहीत हाये मले,” ती म्हणाली.

“माहीत हाये? मंग पान बदललं काऊन नाई?”

पलीकडे ऑफिसचा आवाज मागे पडला, ती बहुतेक उठून बाहेर आली. मग ती हळूच म्हणाली, “पुष्पा, तुले येक गंमत सांगतो. मले मागून सगळं दिसते ना साइटचं. त्या पानाच्या दुरुस्तीचे सात-आठ मसुदे पडून हायेत. लोकाइनं लिहिले, अन् छापायचं बटण काही कोनी दाबलं नाई. आपल्या क्लासातल्या अविनाशचा हाये, नागपूरवरून. माह्याबी हाये येक.”

“तुह्याबी? अन् साइट तं तुवंच बनवली!”

“साइट मी बनवली, पन मले कोनं बनवलं? सरांचं कसं खोडायचं वं? साऱ्या जगाले दिसन, डिंपलनं सरांचं खोडलं म्हनून.” मग तिचा आवाज एकदम मोठ्या बहिणीसारखा झाला. “तू असं कर. तुह्या प्रोग्रामात दुरुस्त करून घे, मॅडमले सांग माह्यं चुकलं, अन् गप राह्य. सारे तसंच करतात.”

भाकरीचा घास हातातच राहिला. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं! प्रत्येकाने आपल्यापुरतं नीट करून घेतलं होतं आणि सरांचं पान देवघरातल्या फोटोसारखं तसंच ठेवलं होतं. आणि माझ्यासारखी नवी पोरगी आली की तिथेच पहिली ठेच. मी म्हटलं, हे काही बरोबर नाही, मी दाबते बटण. मी फोनवरच पान उघडलं, दुरुस्ती लिहिली, अंगठा बटणाच्या वर नेला.

आणि खरं सांगते, अंगठा खाली जाईना. मी माझ्याच अंगठ्याकडे बघत बसले. कसली मजा आहे ही! वर्गात मी गुरुजींनी फळ्यावर चुकलेलं गणित बोट वर करून सांगते. पण इथे फळा सरांचा, खडू माझा, आणि पुसणार सरांचं अक्षर. तालुक्याची यादी उद्या सकाळी शाळेच्या शिपायाबरोबर नांदुऱ्याला जाणार होती. म्हणजे आजचाच दिवस होता. आणि यादी नीट झाली की छाया पहिली आणि पाचवी जी कोणी आहे ती सहावी, हेही माझ्या लक्षात आलं होतं. ते मी जेवणाबरोबर गिळलं.

शाळा सुटल्यावर मी छायाला गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. ती पहिली आहे यावर तिने फक्त “हट्” म्हटलं. दोनदा. मग विचारलं, “मंग आता?”

“आता सरले सांगा लागन. पन सरले कसं सांगाव?”

“तोंडानं,” छाया म्हणाली.

टायपिंगच्या वर्गात पोचलो तेव्हा सर खिडकीशी बसले होते. मागच्या कॉम्प्युटरवर दोन लहान पोरं एकाच खुर्चीवर बसून टाइप करत होती. दारात सरांच्या पत्नी सुभद्राकाकू मेथी निवडत होत्या.

“या,” सर न वळता म्हणाले. “पुष्पा हाये, अन् संग कोन? नवीन चपला वाजून राह्यल्या.”

छायाने पायांकडे बघितलं. चपला खरंच नव्या होत्या.

मी तोंड उघडलं, बंद केलं. मग सुचलं, अरे, ही जागा कशाची आहे? विचारायची! मी दुसऱ्या कॉम्प्युटरवर बसले आणि ‘विचारपूस’वर, सरांच्या पानाखाली, प्रश्न लिहिला, ‘१०४ हे ९८ च्या खाली काऊन येते?’ हे बटण दाबायला मात्र बोट मुळीच अडलं नाही.

सरांच्या कॉम्प्युटरवर टिंग झालं. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.

“कोन बे हे... पुष्पा? तू तं इथंच बसेल हायेस! तोंडाले काय झालं?”

छाया छताकडे बघत होती. सरांनी प्रश्न पुन्हा वाचला. मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी स्वतःच छोटासा प्रोग्राम लिहिला. दहाही बोटं, एकसारखा आवाज, सरीवर सर पडावी तसा. आकडे टाकले. निकाल आला. सरांनी तो बघितला, पुन्हा चालवला, पुन्हा बघितला. पंखा तेवढा खडखडत होता. लहान पोरांनाही काहीतरी कळलं असावं, ती टाइप करायची थांबली.

मग सर उठले, कोपऱ्यातल्या टाइपरायटरवरचं कापड काढलं आणि मला बोलावलं.

“हे इंग्रजीचं मशीन. याच्यात येकचा आकडा दाखव मले.”

मी वरच्या रांगेत शोधलं. दोन, तीन, चार... नऊपर्यंत होते. एक नव्हता.

“नाई हाये, सर.”

“नाईच. जुन्या मशिनीत नसेच. येक लिहायचा तं एल दाबायचा, लहान एल. कागदावर कोनालेच फरक कळे नाही.” त्यांनी ती कळ दाबली. कागद नव्हता, तरी दांडी वर येऊन टक् करून आपटली. “माह्यासाठी आकडा म्हंजे अक्षरच होता पोरी. सारी जिंदगी. म्हनून तसं लिहिलं मी.”

मला वाटलं आता संपलं, सर पान दुरुस्त करतील, आम्ही घरी जाऊ. पण सर वळले.

“हे कोनाकोनाले माहीत होतं?”

मी म्हणणार होते की कोणालाच नाही. तेवढ्यात छाया म्हणाली, “साऱ्याइले.”

मी तिला चिमटा काढला. उशीर झाला होता.

“डिंपलले?”

“हाव,” मी म्हटलं.

“अविनाशले?”

“हाव.”

“मंग कोनी बोललं काऊन नाई?”

“सर... तुमचं कसं खोडायचं?”

सर स्टुलावर बसले. त्यांच्या खुर्चीवर नाही, पोरांच्या स्टुलावर. टाइपरायटरचं कापड त्यांच्या हातातच होतं. त्याची ते घडी घालत होते, मोडत होते, पुन्हा घालत होते.

“मी करंगळी करंगळी करून साऱ्याइच्या बोटाइले वळण लावलं,” ते म्हणाले. “मले वाटे, आता इथं सारे येकमेकाले इचारतात, सांगतात. अन् मले कोनी सांगतच नाई. म्हंजे मी त्या अकोल्याच्या दुकानापुढंच बसेल आहो म्हना अजून.”

काकू मेथीचे हात झटकत आत आल्या. “जाऊ द्या वो. लहान लेकरं हायेत. चहा ठेवू काय?”

“चहा मंग,” सर एकदम उठले. “जयमालाची गाडी गेली काय वं?”

मॅडम मलकापूरहून ये-जा करतात. गाडी गेली नव्हती. सरांनी शर्ट नीट खोचला, आरशात न बघता केसांवरून हात फिरवला आणि भराभर निघाले. आम्ही मागे. हायवेवरच्या थांब्यावर गर्दी होती, कापसाच्या गाड्या धूळ उडवत चालल्या होत्या आणि मॅडम शेडमधल्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सरांना पाहताच त्या ताडकन उभ्या राहिल्या. शाळेत माईकवर बोलणाऱ्या मॅडम वेगळ्या आणि या वेगळ्या.

“सर, तुम्ही कायले आले? निरोप पाठवला असता तं मीच आली असती.”

“काम माह्यं होतं,” सर म्हणाले. “तुमच्या निकालात चूक झाली. हे छाया पहिली हाये. एकशे चार गुण. प्रोग्राममंधी ते शेवटी गेली. चूक माही.”

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. “तुमची कशी असन, सर? या पोट्टीनं कायतरी भलतंच दाबलं असन.”

“पोट्टीनं मी लिहिलं तेच केलं. मी चुकीचं लिहिलं.”

थांब्यावरचे लोक आता उघड ऐकत होते. कोणाकोणाला सरांनीच शिकवलं होतं. एक जण तर बिडी विझवून मागे सरकला. मॅडमचा आवाज खाली आला. “बरं सर, मी उद्या सांगतो मुलाइले, जराशी गफलत झाली म्हनून. तुमचं नाव कायले मधात?”

“गफलत नाई. शेषरावची चूक झाली म्हनून सांग. माईकवर.” मग जरा थांबून, “अन् या लेकरानं शोधली, तेबी सांग.”

मॅडमनी पर्समधून यादी काढली, बाकावर ठेवून पेनने सगळ्यात वर छायाचं नाव लिहिलं आणि खाली येत येत थांबल्या.

“पण मग पाचवी...”

“मी सहावी, मॅडम,” मी म्हटलं. ते गणित दुपारीच झालं होतं, म्हणून म्हणायला जड गेलं नाही. फारसं नाही.

“बोंबलनारं यंत्र पुढच्या वर्षी,” मॅडम म्हणाल्या आणि माझ्या डोक्यावर टपली मारली. तेवढ्यात गाडी आली.

परत येताना छाया पुढे पुढे उड्या मारत होती आणि आपण उड्या मारतोय हे लक्षात आलं की चालायला लागत होती. वर्गात आल्यावर सरांनी पान उघडलं आणि ‘बदल करा’ दाबलं. मला वाटलं जुनी ओळ पुसतील. पुसली नाही. टाइपरायटरवर चुकलेलं पुसता येत नसे, त्यावर नुसती काट मारायचे आणि खालचं दिसत राहायचं. सरांनी तसंच केलं. जुन्या ओळीवर आडवी रेघ मारली, खाली लिहिलं, ‘हे माझं चुकलं होतं. आकडा आकडा म्हणूनच घ्या, नाहीतर १०४ हे ९८ च्या खाली जाते.’ आणि त्याखाली पूर्ण नाव.

मी त्यांच्या खांद्यावरून वाचत होते. नावावर टिचकी मारली की तिथे प्रत्येकाचा हिशोब दिसतो, किती उत्तरं दिली, किती प्रश्न विचारले. माझे प्रश्न एवढे आहेत की लाज वाटावी. मी सरांच्या नावावर टिचकी मारली.

“सर! तुमचे प्रश्न शून्य!”

“मंग?”

“तुम्हाले कधी काही इचारावंच वाटलं नाई?”

“वाटलं ना बाप्पा. लय वेळा वाटलं.” सर चष्मा पुसायला लागले. “पन सरनंच इचारलं, तं पोट्टे काय म्हनतीन?”

छायाने तोंड उघडलं आणि मी तिच्या पायावर पाय ठेवला, नव्या चपलेवर. पण गरज नव्हती. सर स्वतःशीच हसले, चष्मा लावला आणि खुर्ची कॉम्प्युटरकडे ओढली. या वेळी टाइप करायचा आवाज एकसारखा आला नाही. थांबत, अडखळत, एक शब्द खोडून दुसरा लिहीत.

‘प्रोग्रामातलं एखादं काम स्वतःच स्वतःले पुन्हा बोलावते, असं पुस्तकात वाचलं. ते नेमकं काय करते अन् थांबते कसं? मले कधी उमजलं नाही. कोणी सांगन काय? शेषराव.’

बटण दाबून ते मागे टेकले.

पडद्याच्या कडेला, साइटवर जो येईल त्याच्या नावापुढे, हिरवे ठिपके लागले. डिंपलताई आली. अविनाशदादा आला. मोताळ्याचे कोणी आले. सगळ्यांनी प्रश्न वाचला, हे आम्हाला दिसत होतं. पण कोणीच काही लिहीना. ठिपके नुसते उभे होते, थांब्यावरच्या त्या माणसांसारखे. काकूंनी चहा आणून ठेवला. लहान पोरं घरी गेली. चहावर साय धरली तरी सरांनी कप उचलला नाही, मांडीवर हात ठेवून ते पडद्याकडे बघत बसले होते.

“लिही ना वं,” छाया माझ्या कानात म्हणाली. “तुले तं येते. आमच्याजवळ परवा किती बडबडली तू.”

येतं म्हणजे अर्धं येत होतं. दोन आरसे समोरासमोर धरले की एकात दुसरा दिसत जातो, तसं काहीतरी, आणि मधे कुठेतरी एक दार ठेवावं लागतं, नाहीतर ते थांबतच नाही. बाकीचं अर्धं मला लिहितालिहिता सापडेल असं वाटत होतं. चुकलं तर कोणीतरी खोडेल.

मी मागच्या कॉम्प्युटरवर बसले. ‘सर,’ असं लिहिलं आणि पुढे लिहायला लागले. खोलीत तेवढाच आवाज होता. सरांची पाठ माझ्याकडे होती. ती जराशी सरळ झाली, पण त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

“करंगळी,” सर म्हणाले.